पन्नास मीटरवरचं वाक्य

"माइक निवडायला मला दोन दिवस दे," असं हर्षदा थोरवडेनं परेशला आधीच सांगून ठेवलं होतं. "डोणीच्या माळावरचा वारा तू अजून अनुभवलेला नाहीस. तिथं आवाज धरायचा म्हणजे चाळणीत पाणी धरण्यासारखं आहे."

पण माळावर पोचल्यावर परेश वाळिंबेनं गाडीतून एक छोटी पेटी काढली आणि तिच्या हातात दिली. "निवडायचं काही राहिलेलं नाही. हा बघ."

परेश माहितीपट करायचा आणि गेली एकोणीस वर्षं त्याच्या प्रत्येक कामाचं ध्वनिमुद्रण हर्षदाच करत होती. हा माहितीपट एका अपघाताबद्दल होता. चार महिन्यांपूर्वी माळावरच्या चौदा नंबरच्या पवनचक्कीचं पातं चालता चालता निखळलं, आणि खाली काम करणारा विक्रम शेडगे नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तंत्रज्ञ जागीच गेला. सरकारनं चौकशी समिती नेमली होती. हे काम घ्यावं की नाही, यावर हर्षदानं बराच विचार केला होता, कारण माळावरच्या सगळ्या पवनचक्क्यांची देखभाल तिच्या सख्ख्या मोठ्या भावाकडे, संग्रामकडे होती. तिनं परेशला ते स्पष्ट सांगितलंही होतं.

"तू आवाज घे," परेश म्हणाला होता. "प्रश्न विचारायचं काम माझं."

तिचा स्वतःचा माइक जुन्या धाटणीचा होता. हातभर लांब नळी, नळीला दोन्ही अंगांनी बारीक खाचा आणि पार आत, टोकाला, आवाज पकडणारा पडदा. समोरून आलेला आवाज नळीतून सरळ पडद्यावर पोचतो. बाजूनं आलेला आवाज मात्र वेगवेगळ्या खाचांतून, किंचित पुढेमागे आत शिरतो. त्या लाटा आपसांत भांडतात आणि बऱ्याचशा विझून जातात. म्हणून नळी जिकडे रोखाल तिकडचंच ऐकू येतं. खर्जातल्या आवाजांवर ही युक्ती चालत नाही, कारण त्यांच्या लाटा नळीपेक्षा कितीतरी लांब असतात. असा नळीचा शॉटगन माइक म्हणजे दुर्बीण, असं पुष्कळांना वाटतं. हर्षदा प्रत्येक नव्या दिग्दर्शकाला सांगायची, "दुर्बीण नाही, झापडं आहेत ही. झापडं लावली म्हणून घोड्याला लांबचं दिसत नाही. बाजूचं दिसायचं थांबतं, एवढंच."

परेशच्या पेटीतला माइक वीतभराचाच होता. त्याचं नाव श्रुतवेध. त्याला नळी नव्हती. जाळीखाली मोहरीएवढे चौसष्ट माइक बसवलेले होते आणि त्यांच्यामागे एक चिप. प्रत्येक दाण्याला आवाज निरनिराळ्या क्षणी ऐकू येतो. त्या फरकावरून चिप दिशेचा हिशेब करते आणि बाकीचं गाळून टाकते. इथपर्यंत हर्षदाला सगळं समजत होतं, पटतही होतं.

"आणि लांबचंही ऐकू येतं," परेश म्हणाला. "सत्तर मीटरवरचं. वाऱ्यात शब्द तुटले तर तो ते सांधून देतो. आपल्या मुलाखती, टिपणं, सगळं मी त्याच्यात घालून ठेवलंय. त्यामुळे माणसांची नावं, विषय, सगळं त्याला ठाऊक आहे. शब्द चुकत नाहीत."

"सांधून देतो म्हणजे?"

"म्हणजे नीट ऐकू येतं गं. एवढा संशय कशाला?"

तिनं हेडफोन लावले आणि माळाच्या टोकाला गवत कापणाऱ्या बायकांकडे माइक वळवला. वारा गायबच झाला. विळ्यांची सरसर, बांगड्या, एकीचं हसणं, सगळं कानाशी आलं. एकोणीस वर्षांत इतका स्वच्छ आवाज तिनं ऐकला नव्हता, आणि म्हणूनच तिला तो आवडला नाही. उघड्या माळावरच्या आवाजात माळ नसावा, हे तिच्या कानाला पटेना.

"दोन्ही माइक एकाच स्टँडवर लावते," ती म्हणाली. "दोघांचं वेगवेगळं मुद्रण करू, मग तुलना करून ठरवू."

परेशनं खांदे उडवले. तिनं नळीवर केसाळ आवरण चढवलं, दोन्ही माइक एका दिशेला बांधले आणि मुद्रण सुरू केलं.

थोड्याच वेळात पवनचक्क्यांच्या कंपनीची जीप आली. चौदा नंबरच्या बुडाशी, पन्नास मीटरवर, संग्राम उतरला. सोबत कंपनीचे कुणी साहेब होते. चौकशीसाठी आजूबाजूच्या पवनचक्क्या त्या दुपारपुरत्या बंद ठेवलेल्या होत्या. दोघं पाठमोरे उभे राहून वर बघत बोलू लागले. परेशनं हळूच स्टँड तिकडे फिरवलं.

"परेश, त्यांना विचारलेलं नाही आपण."

"चाचणीच तर चाललीय."

माळावर वारा चालूच होता. हर्षदाच्या कानात आधी खसखस आली आणि मग दादाचा आवाज, शेजारी बसून बोलावं तसा. "बोल्ट सैल आहे ते मला ठाऊक होतं."

तिनं हेडफोन काढले. समोर दादा कमरेवर हात ठेवून उभा होता, लहानसा दिसत होता. परेशच्याही कानात हेडफोन होते. तो तिच्याकडे बघत नव्हता.

"पुसून टाक," ती म्हणाली.

"हे पुसायचं असतं का, हर्षदा?"

संध्याकाळी ती कराडला दादाकडेच जेवायला गेली. कामाला आली की तिथंच उतरायची तिची पद्धत होती. वहिनींनी वांग्याचं भरीत केलं होतं. दादानं भाकरी मोडली, पण घास घेतला नाही.

"झालं का शूटिंग?"

"चाललंय. तू होतास ना दुपारी चौदा नंबरपाशी?"

"साहेब आले होते."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार." मग ताटाकडे बघत त्यानं विचारलं, "तुमच्या त्या माइकला लांबचं ऐकू येतं का गं?"

हा प्रश्न त्यानं तिला आजवर एकदाही विचारला नव्हता. हर्षदानं हातातला घास ताटात ठेवला.

"नाही," ती म्हणाली. "झापडं असतात नुसती."

दादानं मान हलवली. तो सुटकेचा श्वास होता की साधाच, हे तिला कळेना. माणसाचा श्वास ऐकून तो दमलाय, घाबरलाय की खोटं बोलतोय हे ती एरवी सांगू शकायची. त्या दिवशी तिला स्वतःच्या कानांचा भरवसा वाटेना. वहिनी वाढता वाढता दादाकडे बघत होत्या, त्याचाही तिला अर्थ लागायला लागला. ह्यांनाही ठाऊक असेल काय?

तिनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाचं निमित्त करून ती कोल्हापूरला आपल्या घरी निघून आली.

तिसऱ्या दिवशी ते वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर होतं. परेशनं ते विक्रमच्या बायकोला, पल्लवीला ऐकवलं होतं आणि तिला पाठवलंही होतं.

"तिचा हक्क आहे तो," तो फोनवर म्हणाला. "तुला वाईट वाटणार हे मला कळतं. पण तुझ्या भावाच्या जागी दुसरा कुणी असता तर तूच मला म्हणाली असतीस, दे म्हणून."

ते खरं होतं.

त्यानंतर दोन तासांतच वातश्री ऊर्जा या पवनचक्क्यांच्या कंपनीचं पत्रक आलं. संबंधित कर्मचाऱ्यानं धोक्याची माहिती दडवली, व्यवस्थापनाला याची कल्पना नव्हती, त्याला निलंबित करण्यात येत आहे. ज्या कंपनीनं चार महिन्यांत शेडग्यांच्या एकाही पत्राला उत्तर दिलं नव्हतं, तिला दोन तासांत एवढं सगळं कसं सुचलं? हर्षदानं ते पत्रक पुन्हा वाचलं. त्यात राग नव्हता, लाजही नव्हती. हायसं वाटलेल्या माणसानं लिहावं तसं ते होतं.

कराडला दादाच्या गाडीच्या बॉनेटवर कुणीतरी काळ्या ऑइलनं लिहून ठेवलं, 'ठाऊक होतं.' वहिनींनी ते रॉकेलनं पुसलं, तरी अक्षरं दिसत राहिली.

दादाचा फोन आला. "हर्षू, मी असं बोललोच नाही."

"मग काय बोललास?"

पलीकडे नळ सोडल्याचा आवाज आला.

"आठवत नाही," तो म्हणाला.

तिनं फोन ठेवला. यंत्रावर तिचा विश्वास नव्हता. आता भावावरही उरला नव्हता. आणि यंत्रावर विश्वास नाही तो ते खोटं आहे म्हणून, की आरोपी आपला भाऊ आहे म्हणून, याचंही उत्तर तिला देता येईना.

श्रुतवेध बनवणाऱ्या चमूतल्या डॉ. नंदन कामतांचा नंबर तिनं शोधून काढला. माणूस सभ्य होता, प्रश्न नीट ऐकून घेत होता.

"तुटलेले शब्द यंत्र सांधतं म्हणजे नेमकं काय करतं?" तिनं विचारलं.

"आपला मेंदू करतो तेच," कामत म्हणाले. "गोंगाटात तुम्हाला 'चहा घे...र का' एवढंच ऐकू आलं, तरी तुम्ही 'घेणार का' असंच समजता. तुम्ही तो मधला आवाज ऐकलेला नसतो, भरलेला असतो. आमचं यंत्र लाखो तासांच्या बोलण्यावरून हे भरायला शिकलंय. आवाजाचे जे तुकडे मिळतात, त्यांच्याशी जुळणारं सगळ्यात संभवनीय वाक्य ते निवडतं आणि त्याच माणसाच्या आवाजात उभं करतं."

"सगळ्यात संभवनीय कशावरून?"

"भाषेवरून. आणि संदर्भावरून. तुम्ही जी कागदपत्रं, मुलाखती आत घालता त्यावरून."

"आणि तुकडे फारच थोडे मिळाले तर?"

"तर संदर्भाचं वजन वाढतं."

"तसं झालं की यंत्र सांगतं का? की हे ऐकलेलं आहे आणि हे भरलेलं?"

"आतल्या नोंदीत ते असतं, पण ती नोंद आम्ही साठवत नाही. सुरुवातीला स्क्रीनवर दाखवत होतो. ग्राहकांना ते आवडेना. वाक्य अर्धं पिवळं दिसायचं. लोक म्हणायचे, माइक खराब आहे." मग ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे सिनेमासाठी बनवलंय. पुराव्यासाठी नाही. तसं आम्ही पुस्तिकेत लिहिलेलं आहे."

परेशनं आत घातलेल्या मुलाखती हर्षदानंच मुद्रित केल्या होत्या. पल्लवी, विक्रमचे मित्र, गावचे लोक. सगळ्यांच्या बोलण्यात एकच वाक्य फिरून फिरून यायचं, 'बोल्ट सैल होता आणि त्यांना ते ठाऊक होतं.' पन्नास मीटरवर पाठमोऱ्या उभ्या माणसाचे चार तुकडे हाती लागल्यावर, यंत्राला सगळ्यात संभवनीय दुसरं काय वाटणार होतं?

तिनं परेशला श्रुतवेधसकट कोल्हापूरला बोलावून घेतलं आणि त्याला घेऊन गावाबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर गेली. दुपार होती, वारा बऱ्यापैकी होता. तिनं त्याच्या हातात एक कागद दिला. त्यावर तिनं मनानं रचलेले निरर्थक शब्द होते. गुबडी, लोमट, केचाण, पिरडू, झमसा, अशा दोन ओळी.

"पन्नास मीटर जा, पाठ कर आणि हे वाच. साध्या आवाजात."

"हा काय पोरखेळ?"

"जा तर."

तो गेला, वाचून परत आला. तिनं हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवले आणि झालेलं मुद्रण वाजवलं. परेशचा चेहरा आधी कंटाळलेला होता. मग तो बदलला. त्यानं हेडफोन कानांवर घट्ट दाबले, पुन्हा लाव अशी खूण केली, पुन्हा ऐकलं.

"हा माझा आवाज आहे," तो म्हणाला.

"हो."

"मी म्हणतोय, 'वरती कोणी गेलंच नव्हतं, पोरगा उगाच गेला.'"

"हो."

"पण हे मी कधी..." तो मैदानावरच खाली बसला. "हर्षदा, मला माहीत नसतं ना, तर मी शपथेवर सांगितलं असतं की हे मीच बोललोय. तो 'उगाच' मी असाच म्हणतो."

ती त्याच्या शेजारी बसली. रागावण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्याचा चेहरा बघून तिला राग आणता येईना.

"ही चाचणी आपण समितीला दाखवू," परेश शेवटी म्हणाला. "मी स्वतः येतो. पण कंपनीचा वकील काय म्हणेल सांगू? यंत्र चुकू शकतं एवढंच यातून सिद्ध होतं. त्या दिवशी ते चुकलं, असं नाही होत. आणि तू बहीण आहेस."

"माझा माइक पण होता त्या दिवशी," हर्षदा म्हणाली. "स्टँडवर, शेजारीच."

नळीच्या माइकचं ते मुद्रण तिनं अजून धड ऐकलं नव्हतं. ऐकण्यासारखं त्यात होतंही काय? माळ, गवत, आवरणातून घुसणारा वारा आणि त्याखाली कुठंतरी माणसांची पुटपुट. घरी येऊन तिनं दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि दोन दिवस त्या चार सेकंदांवर बसली.

शब्द हाती लागेनात. ते लागणारच नव्हते. ज्या बारीक आवाजांवरून आपण 'स' की 'श', 'ट' की 'क' ओळखतो, ते वाऱ्यात विरले होते. पण बोलताना माणसाचा आवाज प्रत्येक अक्षरागणिक उचलतो आणि पडतो. तोंड उघडतं, मिटतं. अर्थ गेला तरी ही उचलपडीची लय टिकून राहते, जसं भिंतीपलीकडचं भांडण शब्द न कळताही भांडण म्हणून कळतं. हर्षदानं वाऱ्याच्या खर्जाचा पट्टा कापला, दादाच्या आवाजाच्या पट्टीतलं तेवढं ठेवलं आणि त्या चढउताराचा आलेख काढला.

त्यात सहा ठोके होते.

तिनं श्रुतवेधचं वाक्य त्याच्याखाली ठेवलं. बोल्ट, सैल, आ, हे, ते, म, ला, ठा, ऊक, हो, तं. अकरा. दोन्ही माइक एकाच स्टँडवर, एकाच क्षणी चालू होते. वाक्याची सुरुवात आणि शेवट जुळत होता, पण तेवढ्या वेळात दादानं सहाच अक्षरं उच्चारली होती. सावकाश, मधे थांबून. यंत्रानं त्यात अकरा कोंबली होती.

ती रडली. मोठ्यानं, एकटीच. दादा ते बोलला नव्हता.

चहा टाकायला उठली तेव्हा मात्र तिच्या मनात आलं की तो काहीतरी बोलला होता. सहा ठोक्यांचं काहीतरी. आणि ते त्याला आठवत नव्हतं.

समितीपुढे साक्षीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी दुपारी ती कराडला गेली. दादा गच्चीवर पाण्याची टाकी धूत होता. निलंबित झाल्यापासून तो घरातलं काही ना काही धूत असतो, असं वहिनी म्हणाल्या.

तिनं त्याला आलेख दाखवला, समजावून सांगितला. दादा ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद यायला हवा होता, तो आला नाही.

"म्हणजे उद्या तू सांगितलंस की मी सुटतो," तो म्हणाला.

"या वाक्यातून सुटतोस. दादा, सहा अक्षरं होती. काय होती?"

"सांगितलं ना, आठव..."

"तू जेवायला बसल्यावर मला विचारलंस, माइकला लांबचं ऐकू येतं का. आठवत नसतं तर विचारलं नसतंस."

दादानं हातातला ब्रश टाकीच्या कडेवर ठेवला. ओले हात पँटला पुसले. खाली रस्त्यावर कुणी भाजीवाला ओरडत पार वळणापर्यंत गेला.

"सही माझीच आहे," तो म्हणाला.

तिनं मोजलं नाही, पण ते आपोआप मोजलं गेलं. स, ही, मा, झीच, आ, हे.

"साहेब तोच कागद घेऊन आले होते," दादा सांगू लागला. "दर सहा महिन्यांनी वर चढून पात्याचे बोल्ट तपासायचे असतात. एकेका टॉवरला दीड दिवस लागतो. तेवढा वेळ चक्की बंद ठेवावी लागते. फेब्रुवारीत वारा चांगला होता. वरनं निरोप आला, एकही बंद करायची नाही, फॉर्म मात्र भरून पाठवा. मी भरले. सव्वीस. ऑफिसात बसून, एका दुपारी. वर कुणी चढलंच नाही. बोल्ट सैल आहे हे मला ठाऊक नव्हतं, हर्षू. आईशप्पथ नव्हतं. पण ठाऊक करून घेणं हेच माझं काम होतं."

"आणि साहेब काय म्हणाले त्या दिवशी?"

"म्हणाले, चौदा नंबरच्या फॉर्मवर सही कुणाची आहे? मी सांगितलं."

हर्षदाला एकदम उमगलं की कंपनीला ते खोटं वाक्य इतकं का आवडलं होतं. एका माणसाला ठाऊक होतं, त्यानं लपवलं, विषय संपला. सव्वीस फॉर्म, सव्वीस पवनचक्क्या आणि वरून आलेला निरोप, हे सगळं त्या अकरा अक्षरांखाली झाकलं जात होतं.

"उद्या तू आलेखाचं तेवढं सांग," दादा म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "सहात काय होतं, ते कुणी विचारणार नाही. धाकट्या पोरीचं अजून कॉलेज व्हायचंय. तू बहीण आहेस माझी."

"विचारलं तर?"

"तर म्हण, कळलं नाही. तुझ्या माइकला कुठं शब्द कळतात?"

तिला वाटलं, हो म्हणावं. ते जवळजवळ खरंच होतं.

"माइकला नाही कळले," ती म्हणाली. "मला तू आत्ता सांगितलेस."

ती जिना उतरून खाली आली. वहिनींनी जेवायला थांब म्हटलं, ती थांबली नाही.

समिती तालुक्याच्या विश्रामगृहात बसली होती. निवृत्त न्यायाधीश असलेल्या अध्यक्षबाई, दोन अभियंते, कंपनीचा वकील. दादा मागच्या बाकावर येऊन बसला होता, पण हर्षदाकडे त्यानं पाहिलं नाही. परेशनं मैदानावरची चाचणी सांगितली आणि आपला आवाज ऐकवला. खोलीत कुजबुज झाली. मग हर्षदानं आलेख मांडला. अकरा आणि सहा.

"आपण आरोपीच्या भगिनी आहात?" वकिलानं विचारलं.

"हो. म्हणून मूळ मुद्रण दिलंय. कुणाकडूनही मोजून घ्या."

समितीतल्या एका अभियंत्यानं तिथंच लॅपटॉपवर मोजलं. दोनदा. मग मान डोलावली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "हे वाक्य पुरावा म्हणून ग्राह्य धरता येणार नाही." वकिलानं काहीतरी खरडलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "पण मग थोरवडेबाई, प्रत्यक्षात ते काय म्हणाले?"

हर्षदा उभीच होती. तिला आपल्याच छातीतले ठोके ऐकू येत होते.

"त्यांनी मला काल सांगितलंय," ती म्हणाली. "पण ते मी सांगण्यापेक्षा..."

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. तिनं वळून बघायच्या आधीच दादा बोलू लागला होता. सही, फेब्रुवारी, सव्वीस फॉर्म, वरचा निरोप. निरोप फोनवर मेसेज म्हणून आला होता आणि तो फोन त्यानं जपून ठेवला होता. तो त्यानं खिशातून काढून टेबलावर ठेवला. वकील तीनदा उठला, अध्यक्षबाईंनी त्याला तीनदा बसवलं. उरलेल्या पंचवीस पवनचक्क्या त्याच दिवशी बंद करण्याचा आदेश निघाला.

सगळे बाहेर अंगणात आले. दादा पायरीवर टेकला होता. तेवढ्यात फाटकातून पल्लवी आली. धावतच आली होती, कपाळ घामानं भरलं होतं. मागून तिची सासू, विक्रमची आई, पदर सावरत येत होती. त्यांना दुपारी दोनची वेळ कळवली होती, आणि कामकाज अकरालाच सुरू झालं होतं.

कुणीतरी तिला थोडक्यात सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हर्षदाकडे वळली.

"ते वाक्य खोटं होतं म्हणे."

"हो."

"इतके दिवस रोज ऐकलं मी ते. झोपताना, उठल्यावर." तिनं कपाळावरचा घाम पुसला. "मग खरं काय?"

हर्षदानं दादाकडे पाहिलं. दादा उठून उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"सही माझी आहे, ताई," तो खाली बघत म्हणाला. "बोल्ट तपासला म्हणून मी लिहून दिलं. तपासला नव्हता."

पल्लवीनं त्याच्याकडे पाहिलं. मग ती मागं गेली, सासूचा हात धरून तिला पुढे आणलं आणि दादाच्या अगदी समोर उभं केलं.

"आत्याबाईंना कमी ऐकू येतं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."